तलावपाळीवर बसून हसणं मोजलं, त्याची गोष्ट

१९ जुलैला माझी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली आणि एमए सायकॉलॉजीच्या डिझर्टेशनचं भूत एकदाचं मानेवरून उतरलं. वय ४६, नोकरी अकाउंट्सची, घर कोपरीत, ऑफिस ऐरोलीला, आणि विषय काय तर हसणं. लोक कधी हसतात, कोण जास्त हसतं, हसण्याआधी नेमकं काय बोललं गेलेलं असतं, हे ठाण्याच्या तलावपाळीच्या, म्हणजे तळ्याकाठच्या, कट्ट्यावर बसून वहीत टिपायचं. सांगितलं की समोरचा आधी हसतोच, आता सवय झालीये. पण यात तेरा महिने गेले आणि फी सोडून वरचे साडेसात हजार.

मी सुरुवात केली तेव्हा दूरशिक्षणातून एमए करणाऱ्या कुणीतरी मराठीत हे सगळं लिहिलंय का ते खूप शोधलं, मिळालं ते बहुतेक ‘जिद्दीने यश मिळवले’ टाइपचं. अहो पण सिनॉप्सिसच्या (म्हणजे विषयाच्या आराखड्याच्या) प्रत्येक पानावर सही लागते का ते सांगा ना! म्हणून हे लिहितेय. युनिव्हर्सिटी कुठली ते विचारू नका, मार्कशीट अजून त्यांच्याकडेच आहे.

जून २०२४. पहिलं काम गाइड शोधणं. आमच्याकडे नियम असा की गाइडचं शिक्षण सायकॉलॉजीतलं हवं, पाच वर्षं शिकवल्याचा अनुभव हवा आणि त्यांचा बायोडेटा ओरिजिनल सहीसकट सिनॉप्सिसला जोडायचा. तिघांनी नाही म्हटलं. एक सर तर विषय ऐकून फोनवरच हसले आणि म्हणाले, ताई, स्ट्रेस घ्या नाहीतर मोबाइलचं व्यसन घ्या, प्रश्नावली तयार मिळते, महिन्यात मोकळ्या व्हाल. सल्ला खरं तर प्रेमाने दिलेला होता आणि पुढे डिसेंबरात मला तो फार वेळा आठवला. चौथ्या मॅडम मात्र हो म्हणाल्या. ठाण्यातच शिकवतात, रिटायरमेंटला आलेल्या, लाल पेनवाल्या. घरी सांगितलं तर नवरा म्हणे, अगं हसण्याचा कसला अभ्यास, आणि सासूबाई म्हणाल्या कर गं तू, हसतील त्यांचे दात दिसतील. (या घरात सासूबाई माझ्या बाजूला असतात, तो वेगळा विषय.)

सुरुवातीला मीही तयार प्रश्नावलीच घेणार होते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या शैलींची एक प्रश्नावली तयार केली, ३२ वाक्यं, प्रत्येकाला १ ते ७ मार्क द्यायचे, आणि त्यातून माणसाच्या विनोदाच्या चार शैली काढायच्या. एक, चार लोकांना जोडून घेणारा विनोद. दुसरा, एकटं असतानाही स्वतःला सावरून धरणारा. तिसरा, दुसऱ्याला टोचणारा. चौथा, स्वतःलाच खाली पाडून लोकांना हसवणारा. पहिले दोन माणसाला बरे, शेवटचे दोन महाग पडू शकतात असं त्यांचं म्हणणं. मला हे फार आवडलं कारण चौथ्या प्रकारात माझं अर्धं माहेर बसतं. पण मराठी करायला घेतलं आणि अडकले. एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी ताडून बघायचे, असा नियम असतो. माझी ‘स्वतःची थट्टा’ परत इंग्रजीत जाऊन चक्क नम्रपणा होऊन आली. आपल्याकडे चारचौघांत स्वतःला नावं ठेवणं हा निम्मा विनोद असतो आणि निम्मं वळण असतं, ते एका वाक्यात वेगळं कसं काढणार? मॅडम म्हणाल्या, नुसत्या भाषांतरावरच एक डिझर्टेशन होईल, तुझ्याकडे वेळ आहे का? नव्हता. तरी नाद सुटला नाही आणि तसंच सिनॉप्सिस २ ऑगस्टला जमा केलं, फी ५००.

२९ ऑगस्टला परत. कारणं दोन: प्रत्येक पानावर गाइडची सही नाही (फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नाही की लागते, पण लागते, घेऊनच टाका) आणि ‘विषयाचे सामाजिक महत्त्व स्पष्ट करावे’. दुसऱ्यांदा भरायला परत ५००. त्यातच मॅडमनी माझ्या संदर्भ साहित्याच्या चॅप्टरमधल्या एका पॅराभोवती लाल गोल काढला होता. मी तिथे १९८८ चा तो पेनाचा प्रयोग छातीठोक लिहिला होता, म्हणजे दातात पेन धरलं की चेहरा हसरा होतो आणि मग कार्टून जास्त मजेशीर वाटतात. गोलाच्या बाजूला मॅडमनी लिहिलं होतं, ‘२०१६?’ शोधलं तर कळलं की २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला आणि पहिल्यासारखा परिणाम काही मिळाला नाही. मी अकाउंट्सची बाई, दुसऱ्याने टॅली केल्याशिवाय आकडा पुढे नेत नाही, आणि इथे मात्र गोड गोष्ट दिसली की उचलून ठेवली होती. तुम्ही जो कुठला जुना गाजलेला प्रयोग वापराल तो नंतर कुणी परत करून बघितलाय का एवढं आधी शोधा, अर्धा तास लागतो.

गणपतीच्या आधीचे ते दिवस. मी वैतागून ठरवलं की हास्यक्लबचा अभ्यास करू, सोपा पडेल. रोज सकाळी साडेसहाला तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींचा एक ग्रुप आहे, मैत्रिणीची आई त्यात जाते, तिच्याबरोबर चार सकाळी गेले. टाळ्या वाजवत हो हो हा हा हा, मग मोबाइलवर बोलल्यासारखं करून हसायचं, मग कुणी रागावलंय असं समजून बोट दाखवत हसायचं. पहिल्या दिवशी मला इतकं अवघडल्यासारखं झालं की छत्रीच उघडून उभी राहिले, पाऊस नव्हता तरी. तिसऱ्या दिवशी मात्र समोरच्या आजोबांची कवळी सरकली आणि त्यांनी ती शांतपणे परत बसवली, आणि मग आम्ही जे हसलो ते टाळ्यांतल्या हसण्यासारखं नव्हतंच, आवाजच वेगळा, पोट दुखेपर्यंत, थांबवता येईना.

हे मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीत पुढे सरकून म्हणाल्या, हेच लिही, हा फरक. ठरवून हसणं आणि आतून येणारं हसणं, दोन्ही वेगळी. मग वाचत गेले. हास्यक्लबची सुरुवात इथलीच हो, डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या लोखंडवाला कॉम्प्लेक्समध्ये पाच जणांना घेऊन सुरू केलं. तेव्हा ते रोज जोक सांगून हसायचे, पण थोड्याच दिवसांत चांगले जोक संपले, मग लोकांना टोचणारे आणि चावट जोक यायला लागले, तक्रारी झाल्या, आणि तेव्हा त्यांनी जोकच काढून टाकले आणि हसण्याचा नुसता व्यायाम ठेवला. जोक काढून टाकले तरी हसणं उरलं! मला वाटतं माझा विषय मला तिथे सापडला.

मॅडमनी मग एक पेपर हातात ठेवला, अमेरिकेतल्या रॉबर्ट प्रोव्हाइन या शास्त्रज्ञाचा, १९९३ चा. (हा माणूस २०१९ मध्ये गेला.) त्याने आधी लोकांना लॅबमध्ये बोलावून विनोदी कार्यक्रम दाखवले तर म्हणे कुणी धड हसेना. मग तो आणि त्याचे विद्यार्थी मॉलमध्ये, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात जाऊन लोकांचं हसणं गुपचूप टिपायला लागले. कोण बोललं, कोण हसलं, आधीचं वाक्य काय. अशी १२०० हसणी जमवली. त्यातून निघालं काय, तर हसण्याआधीच्या वाक्यांतली फक्त १० ते २० टक्के कशीबशी विनोदी म्हणण्यासारखी, बाकी सगळी ‘चल मग येते’, ‘हा बघ कोण आला’ असली. आणि बोलणारा ऐकणाऱ्यापेक्षा ४६ टक्के जास्त हसतो. म्हणजे आपण समजतो की बोलणारा हसवतो आणि ऐकणारा हसतो, ते उलटंच. आणि हसणं वाक्याच्या मध्ये जवळजवळ कधी येत नाही, १२०० मध्ये फक्त ८ वेळा, नाहीतर वाक्य संपलं की मगच, आपण पूर्णविराम देतो तसं.

मी तो पेपर संध्याकाळच्या गाडीत वाचला, ऐरोली ते ठाणे. आमचा लेडीज डब्यातला ग्रुप आहे आणि तो दिवसभराचा शीण हसण्यावरच काढतो. त्या दिवशी गप्प बसून ऐकलं. आमच्यातली एक म्हणाली, आज मी डबाच विसरले घरी, आणि हसली. हे आता तिच्या परवानगीने लिहितेय. यात विनोद काय? काहीच नाही. पण सगळ्या हसल्या, दिघ्यापर्यंत हसत होत्या, आणि सगळ्यात जास्त तीच. मी बॅगेतून पेन काढलं.

दुसरं सिनॉप्सिस २३ सप्टेंबरला गेलं, सगळ्या पानांवर सह्या, सामाजिक महत्त्व दीड पान. १४ ऑक्टोबरला मंजूर. निरीक्षणाची जागा म्हणून मी ट्रान्स-हार्बरचा, म्हणजे आमच्या ऐरोली-ठाणे गाडीचा, लेडीज डबा लिहिला होता आणि मला वाटलं आता उद्यापासून सुरू. तर नाही. माणसांवरचा अभ्यास म्हणजे एथिक्स कमिटी, त्यात कुणाला त्रास होत नाही ना हे आधी तपासणारी.

याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथे लोक सोडून देतात. फॉर्म अकरा पानी. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात तपासणीचे तीन प्रकार आहेत: सूट, जलद तपासणी आणि पूर्ण कमिटीपुढे. मी सूट वर टिक केली कारण मी कुणाला सुई टोचत नव्हते की काही विचारत नव्हते. इथे चुकले. कुठल्या गटात बसायचं हे आपण ठरवत नाही, कमिटी ठरवते, आपण नुसतं कारण द्यायचं. २१ ऑक्टोबरला जमा केला, फी २०००, पावती जपून ठेवा कारण नंतर दोनदा मागतात. मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीला पहाटे तलावपाळी आणि राम मारुती रोडला तरुण पोरापोरींची किती गर्दी असते ते ठाणेकरांना सांगायला नको, नवे कपडे, फोटो, आणि हसणंच हसणं, वर्षभराचा डेटा एका सकाळी मिळाला असता. पण पत्र नाही तर नोंद नाही. मी नुसती फराळाची पिशवी घेऊन उभी. मग २० नोव्हेंबरची निवडणूक, कमिटीतले दोघं इलेक्शन ड्युटीवर. मीटिंग झाली ७ डिसेंबरला.

मीटिंगमध्ये सात जण. त्यातल्या एक वकीलबाईंनी विचारलं, डब्यातल्या बायकांची संमती कशी घेणार? मी म्हटलं, सांगितलं की मी हसणं मोजतेय तर कुणी हसणारच नाही. त्या म्हणाल्या, बरोबर, पण मग ज्यांना नको असेल त्यांनी काय करायचं, चालत्या गाडीतून उतरायचं? शिवाय तुम्ही रोज त्याच डब्यात, निम्म्या ओळखीच्या. मी गप्प. खरं सांगते, तेव्हा मला प्रचंड राग आला, घरी येऊन रडले, सहा महिन्यांचं काम आणि डबाच गेला. आठवड्याने डोकं थंड झाल्यावर पटलं. ओळखीच्या बायका माझ्यासमोर मोकळ्या हसतात ते माझ्यावर विश्वास म्हणून, आणि मी तिथे टिकमार्क करणार, हे बरं दिसलं नसतंच.

१६ डिसेंबरला सुधारित अर्ज दिला. जागा तलावपाळी, म्हणजे उघड्यावरची, कुणालाही उठून जाता येईल अशी. कमिटीच्या अटी: मोबाइलवर रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही, नावं नाहीत, नुसत्या लहान मुलांच्या घोळक्यांची नोंद नाही, बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं नाही, फक्त त्याचा प्रकार, आणि कुणी विचारलं तर खरं सांगून पत्र दाखवायचं, नको म्हणाले तर ती नोंद खोडायची. पत्र हातात पडलं ६ जानेवारीला. त्याच्या चार झेरॉक्स काढून एक लॅमिनेट केली, ६० रुपये, सगळ्यात उपयोगी पडलेले ६० रुपये.

आता मोजणं. एकटीने मोजलं तर कोण विश्वास ठेवणार, म्हणून दुसरा निरीक्षक लागतो. माझी भाची तयार झाली, टीवायला आहे, मानधन म्हणून रोज एक दाबेली. दोघींनी एकाच घोळक्याकडे बघून वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं आणि नंतर किती जुळलं ते कापा नावाच्या आकड्याने काढायचं. जेकब कोहेनने १९६० मध्ये दिलेलं हे माप, नुसत्या योगायोगाने जुळणारं वजा करून उरलेलं मोजतं, १ म्हणजे सगळं जुळलं. आमचं पहिल्या संध्याकाळी आलं ०.४१. मी म्हटलं हे काय, आपण दोघी एकाच कट्ट्यावर होतो ना?

भांडण नाकावरून झालेलं. एक काका नाकातून ‘ह्ं’ करायचे. मी ते हसणं धरलं, भाची म्हणे मावशी तो उसासा होता. काकांनी परत केलं, ती म्हणे बघ, मी म्हटलं बघ. शेवटी प्रोव्हाइनकडेच गेलो. त्याने हसण्याचा आवाज मोजलाय: प्रत्येक ‘ह’ साधारण ७५ मिलिसेकंदांचा आणि एका ‘ह’च्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत साधारण २१० मिलिसेकंद, हे अंतर बऱ्यापैकी ठरलेलं. म्हणजे हसणं हे एका झटक्याचं नाही, ते परत परत येणारं आहे. मग आम्ही नियम केला, ऐकू येणारे कमीत कमी दोन ‘ह’ लागोपाठ हवेत, नाहीतर नोंद नाही. काका बाद. (मला अजून वाटतं ते हसत होते.) वाक्याचे प्रकारही सातावरून पाचावर आणले: माहिती, प्रश्न, तक्रार, चिडवणं, आणि मुद्दाम सांगितलेला विनोद किंवा किस्सा. पाचव्या संध्याकाळी कापा ०.७८ आला आणि मॅडम म्हणाल्या, आता खरी वही उघडा.

२७ जानेवारी ते १२ मार्च, होळीच्या आदल्या दिवसापर्यंत, २२ संध्याकाळी, ३१२ नोंदी. ऑफिसमधून परस्पर जायचं, सव्वासात ते नऊ, पंधरा मिनिटं टिपायचं, पाच मिनिटं नजर तळ्याकडे. सलग टिपलं की अर्ध्या तासाने कान बधिर होतात आणि हाताला येईल तो रकाना भरला जातो, करून बघा. तिसऱ्या दिवशी चणेवाला जवळ येऊन हळूच म्हणाला, मॅडम, गाडी हलवायची का? मला महापालिकेची समजला होता, दोन दिवस मी बसले की तो पन्नास फूट लांब सरकायचा. लॅमिनेटेड पत्र दाखवलं, वाचून म्हणाला, हसण्याचे पण कागद लागतात? आणि हसला, चार-पाच ‘ह’ तर नक्की, पण ही नोंद धरता येत नाही कारण त्याला माहीत होतं. त्यानंतर तो मला गिऱ्हाइकं दाखवायला लागला, मॅडम ते बघा ते लई हसतात. त्याला समजावताना जीव गेला की निवडून घ्यायचे नसतात.

एकदा एका बाईंनी विचारलं, काय लिहिताय. सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, आमचं नका लिहू. तिथेच त्यांच्यासमोर खोडलं. काय बोलत होत्या ते अर्थातच लिहीत नाही, पण दवाखान्याबद्दलचं होतं, आणि दोघी मैत्रिणी प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसत होत्या. ही माझ्या डिझर्टेशनमध्ये नसलेली नोंद आहे आणि मला सगळ्यात जास्त आठवते तीच.

निकालाबद्दल फार फुशारकी मारण्यासारखं नाही, एक तलाव, एक ऋतू, ३१२ नोंदी, त्यावरून महाराष्ट्राबद्दल बोलायचं नसतं. पण ‘माहिती’ आणि ‘तक्रार’ हे रकाने भरून वाहिले आणि ‘विनोद किंवा किस्सा’ पार मागे राहिला. बोलणारेच जास्त हसत होते. बायकांच्या घोळक्यात हसण्याची नोंद जास्त होती, त्यात कट्ट्यावर संध्याकाळी कोण मोकळं बसू शकतं हाही भाग आहे, तो मर्यादांमध्ये लिहिला.

एप्रिल-मे लिखाण. मीडियम मराठी घेतल्याने शब्द शोधण्यात वेळ जातो पण आपल्याकडे या बाबतीत गरिबी नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने हसण्याचे सहा प्रकार दिलेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम लोकांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन, म्हणजे डोळ्यात पाणी येऊन कुशी धरून हसणं, अधम लोकांचे. आणि वर हेही म्हटलंय की हा रस जास्त करून स्त्रिया आणि नीच प्रकृतीच्या लोकांत दिसतो. वाचलं आणि आमचा आख्खा लेडीज डबा डोळ्यासमोर आला, सगळ्या अतिहसित. निरीक्षण म्हणून भरत अचूक आहे हो, एकेका प्रकारात दात किती दिसतात, डोळे कसे होतात, खांदे हलतात का, माझ्या नोंदपत्रकापेक्षा बारीक आहे. मार्क देण्याची पद्धत मात्र मला मान्य नाही. हे वाक्य मॅडमनी खोडलं, मी परत घातलं, त्यांनी परत खोडलं. म्हणून इथे.

जून २०२५. प्लेजियारिझमचं, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही याचं, सर्टिफिकेट, ७०० रुपये. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, माझं पहिल्यांदा १४ आलं, बघितलं तर सगळं एथिक्सच्या अटींचं पान आणि संदर्भसूची. ते वगळून परत काढून मागा, मिळतं. ९४ पानं, तीन प्रती, हार्ड बायंडिंग एका प्रतीचे ४००. बायंडिंगवाल्याने सोनेरी अक्षरांत ‘निरिक्षण’ छापलं, पहिली वेलांटी. मी दिलेल्या कागदावर बरोबर होतं पण त्याच्या ऑपरेटरला दुसरी चूक वाटली म्हणून त्याने सुधारलं! कव्हर बदलायचे अजून प्रतीमागे १५०. छापायच्या आधी कव्हरचा फोटो व्हॉट्सअपवर मागून घ्या, एवढं तरी माझ्यावरून शिका.

व्हायवा सकाळी अकराची, नंबर लागला पावणेतीनला. डबा न्या. बाहेरून आलेले परीक्षक सर गंभीर चेहऱ्याचे. पहिलाच प्रश्न, उंदीर हसतात का? मला वाटलं चेष्टा करतायत, पण नव्हती. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या जाक पँकसेप यांनी उंदरांना गुदगुल्या करून दाखवलंय की ते साधारण ५० किलोहर्ट्झचे चिवचिवाट करतात, आपल्या कानांना ऐकू न येणारे, आणि गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे येतात. त्याला हसणं म्हणायचं का यावर वाद आहे, एवढं सांगितलं. मग विचारलं, हसण्याने रोग बरे होतात असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, का? मी म्हटलं सर, नॉर्मन कझिन्स या संपादकांनी १९७९ च्या पुस्तकात लिहिलंय की दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागायची, पण तो एका माणसाचा अनुभव आहे आणि ते त्याच वेळी व्हिटॅमिन सीचे मोठे डोसही घेत होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाने प्रयोगांत दाखवलं की लोकांत बसून हसल्यावर वेदना सहन करायची क्षमता थोडी वाढते, पण सहन होणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. सर म्हणाले, हं. मग त्यांनी माझं नोंदपत्रक उलटसुलट करून विचारलं, मी आत्ता हसलो असतो तर कुठल्या रकान्यात घातलं असतं? मी म्हटलं, कुठल्याच नाही सर, तुम्हाला माहितीये मी मोजतेय. तेव्हा ते हसले. मॅडम पण.

पास झाले. डब्यातल्या मैत्रिणींनी पेढे मागितले ते दिले, आणि त्यांना तिथे पहिल्यांदा सगळं सांगितलं, डबा कसा रद्द झाला ते पण. एक जण रागावली, म्हणे आम्हाला विचारलं असतंस तर आम्ही सह्या दिल्या असत्या. हे मला सुचलंच नव्हतं.

मार्कशीटसाठी मागच्या आठवड्यात हाफ डे टाकून गेले. खिडकीतल्या ताई म्हणाल्या, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या, आणि हसल्या. मीही हसले. रकाना पहिला, माहिती.

परवा सोमवारी जाऊन आले. नाही आलेली अजून.